रावसाहेबांच्या तोंडी काय द्यावं

फोन सकाळी आला. सुलभावहिनींचा आवाज नेहमीसारखाच सरळ होता. "भाऊजी, हे गेले. झोपेतच गेले." मला काही सुचायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, "सावकाश या, धावपळ करू नका. निखिल पुण्याहून निघाला. अन् रावसाहेबानं सकाळपासून तोंडात काई घेतलं नाई." रावसाहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. ग्रेट डेन आणि आणखी कशाचा तरी संकर, उंचीला जेवणाच्या टेबलाएवढा, वजनाला जवळपास वहिनींइतका. मधुभाऊ त्याच्याशी आदरार्थी बहुवचनात बोलत, त्यामुळे ती सवय मलाही लागली. वहिनी मात्र त्याला शेवटपर्यंत एकेरीतच ठेवून होत्या. नवरा गेल्याची बातमी देताना त्यांनी कुत्र्याच्या उपासाची बातमीही दिली, हे तेव्हा मला विचित्र वाटलं. वर्ध्याहून पुलगावला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर वाटलं, नाही, बरोबरच आहे. त्या घरात गेली काही वर्षं कोण काय चावतो, हीच मुख्य बातमी असायची.

डॉ. मधुकर, म्हणजे आमचे मधुभाऊ, पुलगावात दातांचे डॉक्टर होते. तेराव्याच्या दिवशीच त्यांची शोकसभा झाली. सत्तरी ओलांडलेला माणूस पलंगावर शांतपणे गेला, यात समाजाने शोक करण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण हॉल मोफत मिळाला होता. दंतवैद्यकातला दीपस्तंभ, सेवेचा महामेरू, निगर्वी व्यक्तिमत्त्व, असं सगळं यथासांग झालं. एका वक्त्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. मधुभाऊ असते तर पुटपुटले असते, "अबे, पोकळी भरनं हाच तर माहा धंदा होता." मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ज्या एका प्रश्नावर जीव ओतला, त्याचं नाव एकाही वक्त्याने घेतलं नाही. प्रश्न असा की, मोठ्या कुत्र्याला चघळायला काय द्यावं, जे बराच वेळ टिकेल, ज्याने त्याचा दात मोडणार नाही आणि जे त्याच्या घशात अडकणार नाही. दीपस्तंभांना असले प्रश्न पडत नाहीत, असा आपल्याकडे समज आहे.

आणि त्याच दिवशी अंगणात दुसरा प्रश्न चर्चेला होता. रावसाहेबांचं काय करायचं? निखिल, त्यांचा मुलगा, समजूतदार आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईला तो पुण्याला नेणार, तिथे सोसायटीत एवढा कुत्रा चालणार नाही, आणि आईला कुठे तो कधी हवा होता? कारंजा घाडग्याच्या बबनरावांचा फोनही येऊन गेला होता. हायवेवर त्यांचा ढाबा आहे, ट्रकांच्या राखणीला दांडगा कुत्रा त्यांना केव्हापासून हवा आहे. नातेवाइकांनी माना हलवल्या. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. रावसाहेब दवाखान्याच्या बंद दारापाशी हनुवटी जमिनीला टेकवून पडले होते.

मधुभाऊंची न् माझी ओळख माझ्या अक्कलदाढेमुळे झाली. तेव्हा मी वर्ध्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो. कुणीतरी सांगितलं, पुलगावला एक डॉक्टर आहे, बोलतो फार पण दुखू देत नाही. दोन्ही खरं निघालं. तोंडात कापूस भरून माझं बोलणं बंद केल्यावर त्यांनी मला विचारलं, "प्रोफेसर, पानिपतात आपन काऊन हरलो? सांगा न जी." मी हातवारे करत राहिलो आणि त्यांनी दाढ काढून ट्रेमध्ये ठेवली. "पाहा, तिकडं हरलो, पन इकडं जिंकलो." तेव्हापासून मी प्रोफेसर, ते मधुभाऊ. महिन्यातून एखादी दुपार मी त्यांच्याकडे काढत असे. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, मागे घर, त्यामागे अंगण आणि वर गच्ची. भिंतीवर प्रमाणपत्र एकच, तेही वहिनींनी लावलेलं. उद्घाटनं, सत्कार, शाल आणि श्रीफळ यांचा त्यांना मनापासून कंटाळा. नारळाचं ते म्हणत, "खाले चांगला, हातात घेऊन फोटो काढाले वाईट."

रावसाहेब आले ते त्यांनी दवाखाना सकाळपुरता केल्यावर. एका लष्करी अधिकाऱ्याची बदली कुठेतरी दूर, उंचावर झाली. ते मधुभाऊंचे जुने पेशंट. दाताची कॅप बसवून घ्यायला आले आणि कुत्रा ठेवून गेले. रावसाहेब तेव्हा वयात आलेले, अंगाने वाढलेले आणि डोक्याने कोवळे. त्यांचं इंग्रजी नाव काहीतरी भारदस्त होतं, पण पहिल्याच दिवशी ते दवाखान्यात शिरले, रांगेतल्या सगळ्या पेशंटांकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर जाऊन बसले, तेव्हा मधुभाऊ म्हणाले, "बसा, रावसाहेब, बसा." नाव तिथेच पडलं.

मग चावणं सुरू झालं. आधी चपला गेल्या. मग पेशंटच्या खुर्चीचा हात, बागेतला पाइप, निखिलच्या लग्नातला पाट. मोठ्या कुत्र्याला चावायला लागतंच, तो त्याचा व्यायामही आणि विरंगुळाही; तुम्ही दिलं नाही तर तो स्वतः निवडतो, हे मधुभाऊंना पहिल्या आठवड्यातच कळलं. पण संक्रांतीच्या सुमारास रावसाहेबांनी जे निवडलं, ते अवघड होतं. त्यांनी वहिनींच्या आईचा पेटीचरखा उघडला आणि त्याची मूठ चावून चोथा केली. वहिनी वर्ध्याच्या. वडील खादी घालणारे शिक्षक, चपलासुद्धा वापरायच्या तर नैसर्गिक मरण आलेल्या जनावराच्या कातड्याच्या, असं त्या घरचं व्रत. आईचा तो चरखा वहिनी अजून चालवत असत. त्या ओरडल्या नाहीत. चोथा गोळा केला, कागदात बांधला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत ठेवा याले. तोवर सुधरला त ठीक, नाई त बबनरावाले फोन करा. अन् घरात हाड येनार नाई, हे आत्ताच सांगून ठेवते."

म्हणजे परीक्षा ठरली, अभ्यासक्रमही ठरला. मधुभाऊ नागपूरला जाऊन कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानातून पिशवीभर वस्तू घेऊन आले. प्रत्येक पाकिटावर एक हसरा कुत्रा आणि 'नैसर्गिक' हा शब्द. मी म्हटलं, "मधुभाऊ, नैसर्गिक तर धोतराही असतो." ते हसले, पण ऐकून घेतलं. त्यात गाठ मारलेली चामड्याची मोठी कांडी होती. ती त्यांनी कुत्र्याला न देता आधी पेल्यात भिजत घातली. सकाळी पेल्यात ती फुगून, लिबलिबीत होऊन, गच्च बसली होती. काढता काढता पेला फुटला. "हे गिळलं त आतड्यात असंच बसन," ते म्हणाले. "अन् ते चामडं हाय," वहिनी दारातून म्हणाल्या. कांडी दोन्ही बाजूंनी नापास झाली. बांबूच्या काड्या निघतात, नारळाची करवंटी धारदार फुटते, काथ्या पोटात गोळा होतो. वाळवलेलं रताळं आणि गाजर रावसाहेबांनी आवडीने खाल्लं, पण पान खाल्ल्यासारखं, एका मिनिटात. त्यांना खायला नको होतं, काम हवं होतं.

मग अल्लीपूरच्या बैलाची गोष्ट घडली. ती फक्त त्याच घरात घडू शकली असती. अल्लीपूरला वहिनींचे मामेभाऊ शेती करतात. त्यांचा म्हातारा बैल होळीच्या आसपास गोठ्यात बसल्या जागी गेला. त्याची शिंगं मामेभावाने ठेवली होती. कुणीतरी सुचवलं की शिंग कुत्र्याला चालतं, दुकानातही मिळतं. पण वहिनींची परवानगी हवी. त्यासाठी माझ्यासमोर, दुपारच्या चहावर, फोन लाऊडस्पीकरवर ठेवून, रीतसर चौकशी झाली.

"बैल कशानं गेला, दादा?"

"म्हातारपनानं, बाई. दोन दिवस वैरन खाल्ली नाई, तिसऱ्या दिवशी मान टाकली."

"विकाले त नवता काढला?"

"राम राम! पोळ्याले ओवाळला त्याले दरवर्षी. माह्या पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं."

"शिंग त्यो गेल्यावरच काढलं न?"

"आता जित्या बैलाचं कोन काढते, बाई?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा प्राध्यापक या नात्याने पुरावा ग्राह्य धरला. मधुभाऊंनीही मान हलवली. बैल नैसर्गिक रीतीने मेला, सन्मानाने मेला, हिंसा झालेली नाही. सासऱ्यांच्या व्रतातही बसतं. शिंग आलं, धुतलं, उन्हात ठेवलं आणि रावसाहेबांना अर्पण झालं. ते इतके खूश झाले की दोन दिवस अंगणातून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कड असा आवाज आला. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा अख्खा पापुद्रा उभा निघाला होता.

वर्ध्याला जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन ती दाढ काढली. मधुभाऊ शेजारी उभे. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढा काढलेला माणूस, पण तिथे त्यांना स्टूल द्यावं लागलं. परतताना गाडीत रावसाहेबांचं जड डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यावर हात फिरवत ते म्हणाले, "प्रोफेसर, सगळे विचारून राह्यलो होतो, बैल कसा मेला. दात कसा वाचन, हे कोनीच नाई विचारलं. अन् मी दाताचा डॉक्टर हावो बे!" वहिनी पुढच्या सीटवर होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "चूक माहीबी हाय." त्या घरात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी एक कसोटी बनवली. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं. थोडा तरी वळ उमटला पाहिजे. नाही उमटला तर ती दातापेक्षा कडक आहे, नको. शंका असेल तर तीच वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर हलकेच मारायची. आपण ओरडलो, तर कुत्र्याचा दातही ओरडेल. हे ते कुठेही करत. पुढे दिवाळीच्या फराळात त्यांनी शेजाऱ्यांच्या शंकरपाळ्यावर नख दाबलं आणि ताट परत ठेवत म्हणाले, "हे रावसाहेबाले चालनार नाई, मले कसं चालन?" एका लग्नात लाडवाचीही परीक्षा झाली. वधूपित्याने पाहिलं. वहिनींनी पुढची काही लग्नं त्यांना नेलंच नाही.

उपाय सापडला तो पेशंटच्या खिशात. डोंगराळ मुलखातला एक जवान हिरडी सुजली म्हणून आला होता. मधुभाऊंनी विचारलं, काय चावत होतास? त्याने खिशातून पिवळट, दगडासारखा तुकडा काढला. छुर्पी. आमच्याकडे डोंगरात याकच्या, गाईच्या दुधाचा करतात, म्हणाला. साय काढलेलं दूध फाडायचं, दाबायचं, धुरावर वाळवायचं, मग माणूस चालता चालता दिवसभर चघळतो. मधुभाऊंनी नख दाबलं. वळ उमटला नाही. त्या जवानाच्या हिरडीवर त्यांचं लक्ष जरा कमीच होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. त्याच संध्याकाळी फोन आला: "प्रोफेसर, दूध! दुधात कोन मरत नाई, न् मायी बायको दुधाले नाई म्हनत नाई. फक्त ते इतकं दगड होऊ द्याचं नाई."

पुढचे दोन महिने त्या घराची डेअरी झाली. कारंज्याकडच्या गवळ्यांकडून गवळाऊ गाईचं दूध यायचं. पहिली खेप सायीसकट केली, तिला खवट वास आला. दुसरीत मीठ जास्त झालं. तिसरीचा चुरा झाला, कारण मधुभाऊंनी दाबायला जाड वैद्यकीय ग्रंथ ठेवले होते. तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, "तुमच्या पुस्तकाचं वजन लोकाइले वाटते, फाटल्या दुधाले नाई वाटत," म्हणाल्या आणि त्यावर पाटा ठेवला. इथून कारभार त्यांच्या हाती गेला. फडक्यात घट्ट बांधून रात्रभर पाट्याखाली, मग वितीएवढ्या लांब, जाड कांड्या कापायच्या आणि गच्चीवर, कुरड्या नि सांडग्यांच्या शेजारी, पातळ फडक्याखाली. मे महिना होता. आमच्या उन्हाने आजवर माणसं वाळवली, त्या वर्षी पहिल्यांदा त्याने काही विधायक काम केलं. गच्चीला गच्ची लागून आहे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "वहिनी, कायच्या वड्या घालून राह्यल्या?"

"कुत्र्याच्या."

"बाप्पा! आमच्या ह्याइले नका सांगू. म्हनन, मायापेक्षा त्याचे लाड जास्त."

"मग करून घाला न त्याइलेबी. चावाचं काम राह्यन, बोलाचं कमी होईन."

मधुभाऊ रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन नख दाबत. वळ सहज उमटतो तोवर कच्चं. उमटतच नाही, तर उशीर झाला, ते पाण्यात उकळून मऊ करायचं. दोन्हीच्या मधली जी एक अवस्था असते, कष्टाने वळ उमटतो आणि कांडी वाकत नाही, तिथे उतरवायचं. वहिनींनी त्या कांड्या कुरड्यांसारख्याच पत्र्याच्या डब्यात, महिन्यातून एकदा ऊन दाखवत, पावसाळाभर टिकवल्या. बुरशी आली नाही.

बाकीचे नियमही ठरले. कांडी तोंडापेक्षा लांब हवी, गिळता येऊ नये. सुरुवातीला थोडाच वेळ द्यायची आणि पोट बिघडत नाही ना ते पाहायचं. ज्या दिवशी कांडी, त्या दिवशी एक पोळी कमी. शेजारी पाणी. आखूड तुकडा उरला की काढून घ्यायचा, पण हिसकून नाही, बदल्यात काहीतरी देऊन. हिसकलं तर तो पुढच्या वेळी घाईने गिळेल. आणि सगळ्यात मुख्य, कुत्रा चावत असेल तोवर कुणीतरी जवळ बसायचं. हा नियम मधुभाऊंनी स्वतःवर लावून घेतला. रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला अंगणात वेताची खुर्ची, समोर रावसाहेब पुढच्या दोन पंजांत कांडी धरून. घास घेण्याचा आवाज नाही, फक्त दाताने किसण्याचा. त्या वेळात मधुभाऊ वर्तमानपत्रही वाचत नसत. मी विचारलं, "काय करता तासभर?" म्हणाले, "काई नाई जी. बसतो. जन्मभर लोकाइनं तोंड उघडलं का मले घाई राहे. आता नाई."

याच छुर्पीने एका समारंभाला हातभार लावला, तेही नोंदवायला हवं. गावातल्या मंडळींनी मधुभाऊंचा सत्कार ठरवला आणि प्रमुख पाहुणे, एक अखंड बोलणारे गृहस्थ, आधी घरी चहाला आले. कांड्या कापताना निघालेले कडेचे तुकडे, कुत्र्याला द्यायला फार लहान, म्हणून वहिनींनी एका बरणीत वेगळे ठेवले होते. पाहुण्यांना ती सुपारी वाटली. त्यांनी एक मोठासा खडा गालात ठेवला आणि आम्ही सगळे निघालो. व्यासपीठावर तो खडा ना विरघळला, ना फुटला, ना थुंकता आला. समोर महिला मंडळ बसलेलं. पाहुण्यांनी चार वाक्यांत सत्काराला शुभेच्छा दिल्या आणि ते बसले. त्यांच्या कारकिर्दीतलं ते सर्वात लहान भाषण असावं. टाळ्या जोरदार पडल्या. मधुभाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माह्या कामाचा समाजाले आज उपयोग झाला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बबनराव पिकअप घेऊन आले. त्यांना कुणी नको म्हणून कळवलंच नव्हतं. मधुभाऊंना धीर झाला नव्हता आणि वहिनींनी विषय काढला नव्हता. मीही तिथेच होतो. चरख्याला सुताराकडून नवी मूठ बसली होती आणि वहिनी ओसरीवर सूत काढत बसल्या होत्या. कांडी घेऊन रावसाहेब त्यांच्या पायापाशी. त्या चरख्याकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

"तयार हाय न पाहुना?" बबनराव हसत म्हणाले. "काई काळजी नका करू वहिनी. आपल्याकडं खायाची कमी नाई. हड्ड्याच हड्ड्या! चिकनच्या, मटनच्या, टोपलं भरून निंघते रोज."

वहिनींचा हात थांबला. "शिजलेल्या?"

"म्हंजे काय! ढाब्यावर कच्च्या कोन खाते?"

मधुभाऊ काही बोलणार होते. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, घसा न् आतडं फाडतं, हे त्यांनी घरात शंभरदा सांगितलं असेल. पण त्यांना बोलावं लागलं नाही. वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बबनराव, चहा घ्या. पोहे करते. कुत्रं नाई भेटनार." बबनराव चांगले माणूस, त्यांनी पोहे दोनदा घेतले. ते गेल्यावर मधुभाऊ वहिनींकडे पाहत राहिले. वहिनी म्हणाल्या, "मायाकडं काय पाहून राह्यले? हात धुवा, तुमचंबी पान वाढलं हाय."

एवढं सगळं माहीत असूनही तेराव्याच्या दिवशी आम्ही वडीलधारे अंगणात बसून रावसाहेबांची विल्हेवाट लावत होतो, कारण वहिनी गप्प होत्या. गप्प राहणाऱ्याची संमती गृहीत धरायची, ही आपली जुनी शिस्त. मी पुलगावहून परतलो तेव्हा एवढंच ठरलं होतं की महिन्याभरात निखिल येईल, आईला नेईल आणि जाताना रावसाहेबांना कारंज्याला सोडेल.

परवा पुन्हा गेलो. दुपार उतरत होती. गच्चीवर फडकी दिसली, म्हणून आधी वरच गेलो. वहिनी कांड्या उलटत होत्या. या वर्षीच्या, त्यांनी एकटीने केलेल्या. एक उचलून त्यांनी ती गच्चीच्या फरशीवर आपटली आणि कान देऊन आवाज ऐकला. "त्याइच्यासारखं नख मायात नाई," त्या म्हणाल्या. "मी आवाजावरून पाहाते. टन वाजली त जास्त झाली. मडक्यासारखी बोलली, त बरोबर." मी दोन आपटून पाहिल्या. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. त्यांनी त्यातली एक काढून वेगळी ठेवली.

खाली आल्यावर त्यांनी चहा करता करता सांगितलं. मधुभाऊ गेल्यावर रावसाहेब पोळी खाऊ लागले, पाणी पिऊ लागले, पण कांडीला तोंड लावेनात. अंगणात टाकून ठेवली तरी नाही, तोंडाशी धरली तरी नाही. वहिनींना वाटलं, दात दुखतो. वर्ध्याला नेऊन दाखवलं, दात ठीक. मग एका संध्याकाळी त्या तुरीची डाळ निवडायची म्हणून अंगणात वेताच्या खुर्चीवर बसल्या. रावसाहेब आत गेले, डब्याजवळची कांडी तोंडात घेऊन आले, समोर बसले आणि किसू लागले. "म्हंजे चावाचं नवतंच त्याले एकट्यानं," वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस मले वाटे, हे त्याच्यापाशी बसते. तो ह्याइच्यापाशी बसत होता..." पुढचं त्यांनी दुधाच्या उकळीत सोडून दिलं.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. वहिनींनी चेहरा दिसेल असा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. निखिल म्हणत होता, रविवारी येतो, सामान थोडंच घे, बबनरावांशीही बोलणं झालं आहे.

"तू ये," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस राह्य. आंबे आले हायेत."

"आई, मी तुला न्यायला येतोय."

"मी येईन न पुन्याले. सकाळी येईन, दुपारी येईन. पन संध्याकाळी मले बसा लागते."

"कुठे बसायचंय तुला?"

वहिनींनी फोनकडे जरा विचारात पडल्यासारखं पाहिलं. हे एवढं साधं कसं समजावून सांगावं, असं त्यांना वाटत असावं. "अंगनात," त्या म्हणाल्या. "अन् बबनरावाले सांग, तुमच्या पोह्याची आठवन ठेवली हाय, कधीही या. पिकअप नका आनू."

 निखिल म्हणाला, "बाबांसारखंच बोलायला लागलीस." वहिनी म्हणाल्या, "बोलत नाई रे. बसते फक्त," आणि फोन ठेवला.

पाच वाजून गेले होते. त्यांना शेजारी भजनाला बोलावणं होतं आणि त्या तयारच होत्या, पण दारात अडखळल्या. माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमची गाडी हाय न?"

"आहे. पुढचीही आहे."

"मग त्याच्यापाशी बसा थोडं. काई करा लागत नाई. बोटभर राह्यली का हात पुढं करजा, तो देते. वाटीत भाकर ठेवली हाय, ते त्याले द्या."

मी वेताच्या खुर्चीवर बसलो. तिच्या डाव्या हाताचा वेत सैल झाला आहे, उजव्याचा नाही. मधुभाऊ नेहमी डावीकडे झुकून बसत असणार. हे एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रावसाहेबांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं, पाहुणा चालेल की नाही याचा विचार केला, आणि पंजांत कांडी नीट धरून मान खाली घातली. पलीकडच्या गच्चीवरून कुणाच्या तरी कुरड्या उतरवल्या जात होत्या. रुळावरून एक गाडी गेली, बहुधा माझीच. मी खिशातून घड्याळ काढलं नाही. कांडी अजून बरीच लांब होती.